दाब, धर

ब्रेकचं ऑइल भरतात त्या मास्टर सिलेंडरचं झाकण काढलं अन् जो वास यायला पाहिजे होता तो आलाच न्हाई. ब्रेक ऑइलचा वास एकदा नाकात बसला का जात न्हाई. गोडसर, कडवट, खोकल्याच्या औषधाची बाटली उन्हात राहिल्यावर येतो तसा, घशात पार मागं जाऊन बसणारा. अन् ही तर तीन वर्षं गोदामात उभी असलेली जीप, हिच्यात तो आंबून दुप्पट यायला पाहिजे. आला तो भलताच. शिलाई मशीनच्या पेटीसारखा. मेणचट, थंड, कोणाचाच नसल्यासारखा. जुन्या जीपचा मास्टर सिलेंडर पायाखाली असतो, फ्लोअरच्या पत्र्याखाली. मी पत्र्यातल्या भोकातून हात घातला, बोट बुडवलं, नाकाला लावलं. पुन्हा बुडवलं. रोडच्या बाजूला स्टुलावर माझा बाप, आबा, ब्रेकच्या ड्रमला पॉलिश पेपर घासून राह्यला होता. त्याचा हात थांबला न्हाई, पण नजर आली. "काय हुंगून राह्यलास? भाजी हाय का ती?" मी म्हणलो, "ऑइल बघतोय." "इतक्या जुन्या ऑइलमंधी काय बघायचं? काढ अन् फेक." पुन्हा खर्र खर्र. बाहेरून सळयांचा ट्रक गेला, पत्र्यावर बसलेली स्टील मिलची काळी धूळ जराशी हलली अन् माझ्या मानेवर सांडली. मी तसाच वाकलेला. हा वास मला माहीत होता. कुठून माहीत ते आठवत नव्हतं, पण पोटाला आठवलं होतं.

आमचं गॅरेज म्हणजे एमआयडीसीच्या रोडला तीन बाजूंनी पत्रा अन् चौथ्या बाजूला रोड. जीप भागचंद शेठची. नवीन जालन्यात बियाण्याचा धंदा हाय त्यांचा. जुनी फोर बाय फोर, काळ्या रानात चिखल झाला का ट्रॅक्टर फसायचे, तिथं ही आरामात जायची. माझा मोठा भाऊ हरिओम तिच्यावर डायव्हर होता. त्यानंच ती पलटी केली अन् तीत मेला, असं सगळे म्हणतात. आता शेठचा नातू नमन पुण्याहून शिकून आला अन् त्याला ती पुन्हा रस्त्यावर पाहिजे. पोरगं वाईट न्हाई. पांढरे बूट घालून येतं, पण ग्रीसमंधी बी उकिडवं बसतं, फोनवरचे व्हिडिओ दाखवतं, अन् खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं चुकीचं नसतं. "कारभारीकाका, हे नऊ इंची ड्रम काढून टाका. अकरा इंची बसवू, बॅकप्लेटसकट, मी मागवलेत. और मास्टर सिलेंडर डबलवाला. एक लाइन फेल झाली तरी दुसऱ्या दोन चाकांना ब्रेक राहतो." आबा म्हणला, "एका लाइनवर इतकी वर्षं चालली की ती." नमन हसला. "चली ना काका. पण पलटी पण तीच झाली." मंग त्याच्या लक्षात आलं तो कोणाशी बोलून राह्यला. कान लाल झाले त्याचे. "सॉरी काका. म्हणजे, पिऊन चालवल्यावर कोणती पण गाडी असली तरी…" माझ्या हातात पाना होता. मी तो इतका आवळला का बोटात खाच पडली. मी आबाकडं बघितलं. काहीतरी बोल. एकदा तरी बोल. आबानं ड्रम फिरवून दुसरी बाजू घेतली अन् म्हणला, "बराबर हाय."

बराबर हाय. आबाचा हा शब्द म्हणजे शिक्का. गाडी झाली का बॉनेटवर थाप अन् बराबर हाय. रोडवरचे लोक त्याला उस्ताद म्हणतात ते ह्याच्यामुळंच, त्यानं बराबर म्हणलं का पुन्हा खोलायची गरज न्हाई. दादा गेला त्या दिवशी दवाखान्यात बी तेच म्हणला. वडीगोद्रीच्या अलीकडं झालं ते. भरदुपारी. रोड सरळ, समोर कुत्रं बी नव्हतं, असं चहाच्या टपरीवरल्यांनी सांगितलं. सरळ चाललेली जीप एकदम डावीकडं वळली, जशी कोणी कान धरून वळवावी, अन् पुलाखालच्या नाल्यात उलटी. सरळ रोडवर गाडी कशी पलटी होती? ह्या एका प्रश्नाला लोकांजवळ एकच उत्तर असतं. मलमपट्टी करणारा एक जण बोलला, वास येत होता. बस. हा वास मंग गॅलरीतून गेला, मामाकडं गेला, शेठच्या पेढीवर गेला, गावात गेला. मी तिथंच होतो, भिंतीला टेकून. मला आत सोडलं न्हाई. दाराच्या फटीतून दिसलं, आबा दादाच्या तोंडावर वाकला. लई वेळ वाकून राह्यला. त्याचं नाक दादाच्या ओठाला टेकलं होतं. मला वाटलं मुका घेतोय. आबानं आम्हाला कधी जवळ सुद्धा घेतलं न्हाई, म्हणून मला ते बघून रडू आलं, लाज बी वाटली, मी तोंड फिरवलं. मंग तो बाहेर आला. मामानं विचारलं, "खरंच प्यालता का?" आबा त्या मलमपट्टीवाल्याकडं बघून राह्यला, कोणीतरी उत्तर सांगावं तसा, अन् मंग म्हणला, "बराबर हाय. प्यालता."

तवापासून घरात दादाचा फोटो न्हाई. मायनं एक साड्यांच्या पेटीत तळाला ठेवलाय, पेटी उघडली का दोन मिनिटं तिचा हात आतच राहतो. आबा त्याचं नाव घेत न्हाई. तो बेवडा, एवढंच. मीना वहिनी वर्षभर राहिली आमच्याकडं. नळावर बाया म्हणायच्या, घरी पाणी अन् तिकडं दारू, अन् हसायच्या. वहिनी घागर भरायची, उचलायची, यायची. एक दिवस तिनं आबाला विचारलं, "मामंजी, तुम्ही तर त्यांच्या तोंडापाशी गेल्ता. खरंच वास होता?" आबा जेवत होता. भाकरी चावत राह्यला. म्हणला, "होता." ती दुसऱ्या दिवशी वडीगोद्रीला माहेरी गेली ती गेली. आता हायवेच्या हॉटेलात भजे तळती. तिथून त्या पुलाचा कठडा दिसतो म्हणे. मी तवा दहावीत होतो. मधल्या सुट्टीत एका पोरानं पाण्याची बाटली तोंडाला लावून डुलत डुलत स्टेअरिंग फिरवायची नक्कल केली, सगळा वर्ग हसला, दारात उभे असलेले सर बी. मी बाकडं उचललं. त्या पोराचा खांदा निखळला अन् माझी शाळा सुटली. मला त्याचं काही वाटत न्हाई. वाटतं ते एवढंच का मला आतून कुठंतरी वाटायचं, प्यालाच असंल. दादा हसरा होता, यारबाज होता, प्यायला असता तर नवल नव्हतं. ज्याच्यासाठी बाकडं मारलं त्याच्यावर माझाच भरोसा नव्हता.

पुढचं डावं चाक खोललं. ड्रम निघता निघंना. डिझेल मारलं, हातोड्यानं गोल ठोकलं, शेवटी दोन्ही पाय अ‍ॅक्सलला लावून ओढला तवा तो किंचाळत सुटला. आतलं लायनर, शूवरचं घासणारं अस्तर, जळून निळं-काळं, ड्रमला चिकटलेलं. बाकीच्या तीन चाकांत इतकं जळलं नव्हतं. मी व्हील सिलेंडर दाबला, आतला पिस्टन बाहेर यायला तयार न्हाई. पकडीनं ओढला. मागं रबराची वाटी असती, गॅरेजात तिला बकेट म्हणतात, पुढचं सगळं काम तीच करती, तिच्याच दाबानं शू ड्रमला लागतो अन् गाडी थांबती. ती वाटी चांगली असली का टणक असती, कडा धारदार. ही बाहेर आली ती पाण्यात भिजलेल्या शेंगदाण्यासारखी. फुगलेली, लिबलिबीत, सिलेंडरमंधी ठासून बसलेली. पाय सोडला तरी ही मागं सरकलीच नसणार. शू ड्रमला धरून, धरून, धरून. तापत. अन् मंग एकदाच सगळं जाम. एक चाक जाम झालं का गाडी कुठं जाती हे मला कोणी सांगायची गरज न्हाई. डावीकडं. कान धरून. मी वाटी नाकाला लावली. तोच वास. शिलाई मशीनचा. अन् ह्या वेळी पोटाला जे माहीत होतं ते डोक्यात आलं. कोपऱ्यात जॅक पडला होता. लाल, हायड्रॉलिक, आबानं मिलमधल्या एका फिटरकडून त्याच्यासाठी तेल आणलं होतं. त्या जॅकखाली वर्षानुवर्षं जो डाग पडलाय त्याचा वास. जॅकचं ऑइल ब्रेकच्या रबराला लागलं का रबर असंच फुगतं.

आमच्याकडं कोणतंच ऑइल डब्यात नसतं. सगळं सुटं, पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत, फळीवर रांगेनं. जॅकचं अन् ब्रेकचं, दोन्ही पातळ, दोन्ही पिवळसर. नवीन पोराला आबा पहिल्या दिवशी एकच शिकवायचा, बाटलीचं बूच काढ अन् नाकाला लाव. चिठ्ठी पुसून जाती, नाक पुसत न्हाई. मला तो दिवस दिसला. असा दिसला जसा आत्ता कोणी लाइट लावला. ह्याच जागी ही जीप, चारी चाकं खोललेली, नवे बकेट, नवे लायनर बसवलेले. दादा पँट वर दुमडून उभा, घाई करून राह्यलेला. "आबा, जल्दी कर ना, शेठला शेतावर न्यायचंय." मी पेट्रोलमंधी नट धुवून राह्यलो होतो. आबानं फळीवरची बाटली घेतली. बूच काढलं. नाकाला लावलं. जरा जास्तच वेळ लावली, डोळे बारीक केले, छाती भरून श्वास घेतला, जसा देवळात घेतात. "बराबर हाय," म्हणला अन् बाटली दादाच्या हातात दिली. "टाक." दादानं टाकलं. दादा डायव्हर, त्याला ऑइलमधलं काय कळतंय. बापानं हुंगून दिलेलं त्यानं टाकलं. पुढं आठवडाभरानं तो आल्ता, चहा पीत सहज बोलला, "आबा, डाव्या अंगाला खेचती जराशी. चाक बी गरम लागतंय." आबा म्हणला, "नवं लायनर हाय. घासून बसंल."

अन् नाक. नाक कवाच गेल्तं. करोनात आबा पंधरा दिवस पडून होता, त्याच्यानंतर बरा झाला, सगळं आलं, ताकद आली, चव थोडी आली. वासाचं कोणी विचारलंच न्हाई अन् त्यानं सांगितलं न्हाई. मला कळलं ते मागच्या वर्षी. गॅसची नळी निघाली होती, घरभर सुटला होता, मी रोडवरून पळत आलो तर आबा शेगडीपाशी बसून बिडीला काडी लावायच्या बेतात. मी हाताला झटका मारला. "वास येत न्हाई का तुला?" तो माझ्याकडं बघून राह्यला अन् त्याच्या डोळ्यात जे होतं ते मी तवा ओळखलं न्हाई. मला वाटलं रागावला. माय मागून हळूच म्हणली, "न्हाई येत रे. तवापासूनच न्हाई येत. कोणाला बोलू नको, उस्ताद हाय तो." म्हणजे दवाखान्यात तो मुका घेत नव्हता. दादाच्या तोंडाजवळ नाक नेऊन हुडकून राह्यला होता. दारू हाय का न्हाई. त्याला काहीच सापडलं नसणार, ना दारू, ना रक्त, ना पोराचं स्वतःचं अंग. काहीच. मंग त्यानं दुसऱ्याचं नाक घेतलं. दुसरा म्हणला दारू, ह्यानं बराबर म्हणलं. मला त्याची कीव यायला पाहिजे होती. आली न्हाई. मला वाटलं उठावं अन् ती वाटी त्याच्या तोंडात कोंबावी. मी ती पँटीच्या खिशात घातली.

दोन दिवस ती खिशात होती. ड्रममागच्या नव्या बॅकप्लेटा बसवल्या, अकरा इंची शू, स्प्रिंगा, नवा डबलवाला मास्टर सिलेंडर. नमन येऊन फोटो काढून गेला. आबा सांगायचा, मी करायचो. वाकलो का वाटी मांडीला लागायची, मऊ, जिवंत असल्यासारखी. मी मनात त्याला हजारदा सांगितलं. मायसमोर सांगितलं, नमनसमोर, नळावरच्या बायांसमोर, वडीगोद्रीच्या हॉटेलात सगळ्या टेबलांसमोर. दरवेळी तो खाली बसायचा अन् दरवेळी मला गार वाटायचं. मंग रात्री ताटात भाकरी वाढताना मायचा हात दिसायचा अन् मी गप. सांगितलं तर दादा सुटतो. सांगितलं तर आबा मरतो. बसून, चालून, ड्रम घासून, पण मरतोच. न्हाई सांगितलं तर एक मेलेला माणूस प्यालेलाच राहतो, अन् एक जिती बाई भजे तळत राहती. मला कोणाची बाजू घ्यायची तेच कळत नव्हतं. राग मात्र होता. राग कोणाची बाजू बघत न्हाई.

तिसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर फक्त हवा काढायची राहिली. लाइनमंधी हवा असली का पायडल स्पंजासारखं लागतं, ब्रेक धरत न्हाई. दोघं लागतात ह्याला, एक खाली, एक वर. आबाला आता खाली झोपता येत न्हाई, गुडघे गेले. तो सीटवर चढला, चप्पल काढली, पाय पायडलवर ठेवला अन् म्हणला, "नीट काढ. आता बसंल तो डायव्हर तरी शुद्धीवर असंल."

मी खिशातून वाटी काढली अन् त्याच्या मांडीवर फेकली.

"हे काय?"

"डाव्या चाकातली हाय. बघ की उस्ताद. बघ कोण शुद्धीवर नव्हतं."

त्यानं उचलली. अंगठा अन् बोटात दाबली. एकदाच. मेकॅनिकच्या बोटाला दुसऱ्यांदा दाबावं लागत न्हाई. त्याचा चेहरा बदलला न्हाई, फक्त गालाचं कातडं खाली आलं, टायरमधली हवा कमी होती तसं. मंग सवयीनं त्यानं ती नाकाशी नेली. तिथंच धरली. अन् खाली घेतली. रोडवरून कामावरून सुटलेल्या पोरांच्या मोटरसायकली गेल्या, हॉर्न वाजवत, कोणीतरी "उस्ताऽद" म्हणून हात बी केला.

"कशाचा वास येतो?" आबा म्हणला.

दोन दिवस ज्याची वाट बघितली तो प्रश्न त्यानं आपणहून विचारला होता. त्याचा आवाज बारीक होता. शाळेत फळ्यावरचं न दिसणाऱ्या पोरानं शेजारच्याला विचारावं तसा.

"ब्रेक ऑइलचा," मी म्हणलो. "जुनं झालं म्हणून फुगली असंल."

मला कळलंच न्हाई मी काय बोललो. शब्द निघून गेल्ता.

आबा खाली उतरला. कोपऱ्यात जुना मास्टर सिलेंडर पडला होता, तो उचलला. माठावरचा स्टीलचा गिलास पाण्यानं भरला अन् सिलेंडर त्याच्यावर तिरका केला. तळात राहिलेले दोन-तीन थेंब पडले. ब्रेक ऑइल असलं तर पाण्यात विरघळून जातं, दिसत सुद्धा न्हाई. हे थेंब बुडाले न्हाईत, विरले न्हाईत. वरच थांबले, गोल, पिवळे, अन् हळूहळू पसरले. दोघं त्या गिलासात बघून राह्यलो.

"खोटं कामून बोललास?"

मी पाना पँटीला पुसत राह्यलो.

"तवाच असं पाण्यात टाकून बघायचं होतं," तो म्हणला. "मला शंका आल्ती. बाटली नाकाला लावली अन् काहीच न्हाई. पण हरी समोर उभा होता. पाणी घेतलं असतं तर त्याला कळलं असतं, बापाचं नाक गेलं म्हणून. हसला असता, दुसरं काय केलं असतं? लई हसला असता."

हरी. तीन वर्षांत पहिल्यांदा ते नाव त्याच्या तोंडून आलं, अन् ते असं आलं का जणू रोजच घेत होता.

"बराबर हाय," आबा म्हणला. गिलासाला म्हणला. मंग त्यानं वाटी फडक्यात गुंडाळली अन् सदऱ्याच्या खिशात ठेवली, जिथं बिड्या ठेवतो तिथं. "उद्या वडीगोद्रीला जातो. मीनाला द्यायची ही."

"काय सांगशील तिला?"

"काय सांगायचं? मला येत न्हाई, तू वास घे म्हणीन."

तो पुन्हा सीटवर चढला. गुडघ्यावर हात देऊन, एक एक पाय उचलत. मला वाटलं आज बंद कर म्हणंल. पण त्यानं पाय पायडलवर ठेवला. "चल. हवा तशीच राहिली तर काम अर्धं राहतं." मी खाली शिरलो. मागच्या दोन चाकांची हवा काढली. दाब. धर. मी चाकामागचं निपल, हवा सोडायची बारीक तोटी, ढिलं करायचो, नळीतून बुडबुडे यायचे, फुर्र करून थुंकल्यासारखे, मंग निपल आवळायचं अन् म्हणायचं, सोड. धर म्हणल्यावर सोड म्हणेपर्यंत पाय काढायचा न्हाई. काढला तर गेलेली हवा परत आत येती, सगळी मेहनत वाया. पुढच्या डाव्या चाकाशी सरकलो. इथून फ्लोअरखालचा पायडलचा दांडा दिसत होता. पूर्वी इथं आबा झोपायचा अन् वर दादा बसायचा, चिडवायला मधेच पाय काढायचा, आबा खालून आईमाईवरून शिव्या द्यायचा, दादा खदाखदा हसायचा. मला नट धुताना ऐकू यायचं.

"दाब," मी म्हणलो. दांडा खाली आला. "धर." निपल ढिलं केलं. दोन बुडबुडे आले अन् मंग स्वच्छ धार, पिवळी, नवी, एकही बुडबुडा न्हाई. तो वास आला. गोडसर, कडवट, घशात पार मागं. बराबर. वर बसलेल्याला तो येत नव्हता. मी निपल आवळलं. पाना हातातच राहिला. आता एकच शब्द बोलायचा होता, सोड. दांडा खाली दाबलेला, अन् त्याच्या टोकाला बारीक थरथर, गुडघा थकल्याची. आबा वरून काही विचारत नव्हता. घाई करत नव्हता. थरथर वाढत गेली, पत्र्याला लागून टकटक वाजायला लागली. मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता अन् येत नव्हता. वर पाय तसाच होता. मी म्हणल्याबिगर तो काढणार न्हाई, हे मला माहीत होतं.